नसबंदीमुळे कुत्रा जाड होतोच का? खुलासा

'नसबंदी केली की कुत्रा फुगतो, मग इलाज नाही' असा मेसेज फिरतोय. हे अर्धसत्य आहे आणि त्यापायी नसबंदी टाळू नका. शस्त्रक्रियेनंतर शरीराला ऊर्जा कमी लागते, भूक मात्र वाढते. वजन चढतं ते भांड्यातलं माप तेच राहिल्यामुळे. खाणं अंदाजाने नको, काट्यावर मोजून द्या. पोळीचे तुकडे, बिस्किटं वगैरे मिळून दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांत बसवा. उपाशी तर अजिबात ठेवू नका. आठवड्याला 1 ते 2 टक्के वजन उतरलं तरी पुष्कळ. बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागायला हव्यात. लॅब्रॅडॉर असेल तर जास्तच जपा: 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांत खाण्याची ओढ वाढवणारा जनुकीय बदल सापडला. माप कमी करूनही वजन हलत नसेल, तर पशुवैद्यांकडून थायरॉइड तपासून घ्या.