‘सगळे दरोडेखोरांचेच वंशज’ म्हणं!

परभणीच्या आत्यानं भिशीतल्या बायकांसोबत अंदमानचं तिकीट काढलं आणि लगेच तिच्या मोबाइलवर मेसेज येऊन धडकला: ‘पोर्ट ब्लेअरला उतरताच अंगावर काटा येतो.’ मला फोन करून विचारते, “रद्द करू का रे? तिकडं सगळे खुन्या-दरोडेखोरांचेच वंशज राहतात म्हणं.” शहराचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, हेही मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र पुरतं. ‘आदिवासी बाण मारतात’ ही गोष्ट उत्तर सेंटिनल बेटाची, आणि तिथं जायला सरकारचीच बंदी आहे. आत्याची भिशी काही तिकडं निघालेली नाही. ‘सेल्युलर जेल 1857च्या बंडवाल्यांसाठी बांधलं’, तर ते कैदी 1858लाच तिथं पोचले होते आणि जेलचं बांधकाम चाललं 1896 ते 1906. ‘लोक भीतीनं पाचलाच दारं लावतात’ यातला अंधार तेवढा खरा. बेटं लांब पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच, म्हणून डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यात भीती कुठून आली?

आता ते वंशज. आहेत, नाही कोण म्हणतंय? काही वर्षं नीट वागलेल्या कैद्याला जमीन कसायची, लग्न करायची मुभा मिळायची. त्यातून घरं उभी राहिली. त्यांना तिथं ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. पण ‘सगळे’? 2011ची जनगणना उघडून बघा. बेटांवर 3,80,581 माणसं, त्यांत सगळ्यात जास्त बंगाली बोलणारी. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित तिथं वसवले, त्याचा हा परिणाम. लोकल बॉर्न लोकांची भाषा मुख्यतः हिंदुस्तानी, म्हणजे बोलीतली हिंदी-उर्दू. हिंदी मातृभाषा सांगणारे झाडून सगळे कैद्यांचे वंशज धरले, तरी पाचात एक जेमतेम.

आणि कैदी तरी कोण होते? 1857त हैदराबादच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या वकिलाच्या ठाण्यावर, चालून गेलेले मौलवी अलाउद्दीन काळ्या पाण्यावरच वारले. तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे ते आपल्याच राज्यातले. त्यांनाही दरोडेखोर म्हणायचं का?

खरी चीड येते ती मेसेजातल्या ‘गुन्हा रक्तातच असतो’ या वाक्याची. हे इंग्रजांचं डोकं. त्यांनी 1871त कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 1926च्या सुमारास उत्तरेकडच्या भांतू जमातीच्या लोकांना तोच शिक्का मारून अंदमानात नेऊन बसवलं. आपल्याकडचे पारधी त्याच यादीतले. 1952त कागदावरून शिक्का पुसला, तरी गावात चोरी झाली की अजून आधी पारध्याच्या पालावरच जातात. ते रोज बघणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसानं हे वाक्य पुढं पाठवावं? आत्याला मेसेज पाठवणारे तर निवृत्त मास्तर आहेत. पोरांना इतिहास शिकवायचे.

आत्या, तिकीट राहू दे. भ्यायचंच असेल तर पावसाळ्यातल्या समुद्राला भी. बोट रद्द झाली की स्वराज द्वीपचा (जुन्या हॅवलॉक बेटाचा) बेत बोंबलतो, तेव्हा तारखा बघून घे.