नारंगी कपडे घालून वाघापासून लपता येत नाही

परवा आत्यानं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'हरणाला सगळं काळं-पांढरं दिसतं, म्हणून नारंगी वाघ त्याला अजिबात दिसत नाही. वाघालाही नारंगी ओळखता येत नाही. जंगलात जाताना नारंगी घाला, वाघापासून सुरक्षित राहा.' आत्या राहते चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे, वाघांच्या भागात. तिथल्या बाया मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात शिरतात. म्हणून गप्प बसवत नाही.

यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, चितळ-सांबराच्या डोळ्यात दोनच. २०१९ साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासलं. अशा दोनच प्रकारच्या शंकूपेशींच्या नजरेला जंगलात नारंगी रंग हिरव्याइतकाच लपून जातो, असं त्यांना आढळलं. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयारच होत नाही, तेव्हा वाघाचं नारंगीवर भागतं.

पण काळं-पांढरं? साफ खोटं. निळा रंग हरणाला चांगला दिसतो. आणि 'अजिबात दिसत नाही' म्हणाल, तर वाघ हलला की चितळ शेपूट उभारून पुढचा पाय आपटतं, धोक्याचा कॉल देतं. शिवाय झाडावर वानर असतं. त्याच्या शंकूपेशी आपल्यासारख्या तीन, त्याला नारंगी वाघ नारंगीच दिसतो, आणि त्याच्या ओरडण्यानं हरणंही सावध होतात.

आता त्या कपड्यांचं. वाघाच्याही शंकूपेशी दोनच, इथवर ठीक. पण वाघ काय नुसत्या रंगानं लपतो? पट्ट्यांमुळे त्याच्या अंगाची कड गवतात मोडते, तो पोट जमिनीला टेकवून दबा धरतो, अंधुक उजेडात निघतो. मोह वेचणारी बाई सतत हलते, तिच्या पायाखाली पाचोळा वाजतो, तिचा आवाज वाघाच्या कानाला लांबून लागतो. त्यात ती वाकलेली. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, चरणाऱ्या जनावरासारखं दिसतं. साडी नारंगी असो की जांभळी, त्यानं काय फरक पडणार? उलट 'आपण दिसत नाही' म्हणून एखादी एकटीच पुढे गेली तर?

चांगलं उजाडल्यावर निघा, घोळक्यानं जा, मोठ्यानं बोलत राहा, एकीनं उभं राहून चौफेर नजर ठेवा.

आत्या, तो मेसेज पुसून टाक. आणि ज्यांना ज्यांना पुढे पाठवलास, त्या प्रत्येकीला आज रात्रीच फोन कर. पहाटे त्या निघतील.