अंगठा उठला नाही म्हणून पेन्शन का अडावी?

देश डिजिटल झाला का, हे बघायचं असेल तर सोलापुरात अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत एक चक्कर मारा आणि साठी ओलांडलेल्या बायकांची बोटं बघा. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे हाताला उसंत नाही. तीस-चाळीस वर्षं हे केल्यावर बोटांवरच्या रेषा झिजून जातात. आणि आपण रेशन, पेन्शन, बँकेतले पैसे, सगळं त्याच रेषांवर टांगून ठेवलंय.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात अजिबात नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याला शोधत हिंडण्याचे दिवस मी पाहिलेत. आज १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मोबाईलवर मिळतो. योजनेचे पैसे थेट खात्यात येतात, मधला खाणारा गेला. हे फार मोठं काम झालंय आणि ते मनापासून मान्य आहे. म्हणूनच जिथं अडतंय तिथं बोलायला हवं.

आमच्या गल्लीतल्या एका अक्कांना पीएफच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. हजार-बाराशेची पेन्शन, पण औषधं त्यावरच चालतात. मी सोबत सेवा केंद्रावर गेलो. अंगठा लावला, मशिन नाही म्हणाली. पदराला पुसून लावला, नाही. मग एकेक करून दहाही बोटं झाली. केंद्रातला पोरगा म्हणाला, "मावशी, हाताला जरा तेल चोळा अन् उद्या या." अक्का म्हणाल्या, "उद्या आले तर उद्याची मजुरी बुडते की रे."

घरी आल्यावर माझ्या फोनवर दोन ॲप घेतली, अक्कांना दारात उजेडात बसवलं, डोळे मिचकवायला सांगितलं. दाखला झाला. चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे! अक्कांनी एवढंच विचारलं, "मग तिथं का नाही सांगितलं?"

मला त्या पोराला दोष द्यायचा नाही. त्याला कुणी शिकवलंच नसेल. पण आधार काढताना सरकारनं दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा, असं सगळं घेतलंय. मग केंद्रावर अंगठा हाच एक दरवाजा का उघडा असतो? रेशनचंही तेच. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसरी ओळख बघून द्या आणि नोंद ठेवा, असं केंद्र सरकारच्या अन्न विभागानं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. ते पत्र दुकानाच्या भिंतीवर मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत लागलेलं मी तरी कुठं पाहिलं नाही. सोलापुरात या चारही भाषा लागतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल, आपल्याला नाही.

माझं म्हणणं एकच आहे. किती व्यवहार झाले याचे आकडे आपण अभिमानानं सांगतो. किती माणसं मशिनपुढून परत गेली, तेही सांगा. न जुळलेल्या प्रत्येक अंगठ्याची नोंद यंत्रणेत होते. ती दुकानवार, केंद्रवार दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. ज्या केंद्रावरून जास्त माणसं परत जातात, तिथं दुसऱ्या आठवड्यात डोळ्याचं स्कॅनर आणि शिकवलेला माणूस पोचला पाहिजे. विडी कारखान्यांच्या ब्रँचवर बायका माल द्यायला येतातच, तिथंच शिबिर लावा. त्यांची मजुरी बुडवून त्यांना ऑफिसला बोलावू नका.

तोवर आपण एवढं करू. गल्लीत कुणाचा दाखला अडला असेल तर आधार, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर, पासबुक आणि मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ दिवसाउजेडी बसा आणि चेहऱ्यानं दाखला काढून द्या. पीएफ पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, तो कधीही देता येतो आणि तिथून वर्षभर चालतो. रेशन नाकारलं असेल तर पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. अर्ज लिहायला कुणी नसेल तर मला मेसेज करा, मी लिहून देतो.