सोयाबीनने कर्करोगाचे जनुक ‘बंद’ होते का?

“सोयाबीन प्रोस्टेट कर्करोगाचे जनुक बंद करते. म्हणूनच जपानी माणसाला हा रोग होत नाही. तेलही सोयाबीनचेच वापरा, औषधांची गरज नाही.” रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर हा संदेश फिरतो आहे. तो वाचून आमच्या वाडीतल्या एका काकांनी पीएसएची (प्रोस्टेट या पुरुषांतील ग्रंथीत तयार होणाऱ्या आणि तिच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी पुढे ढकलली, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

यातले जनुकांविषयीचे विधान अगदीच निराधार नाही, पण ते उलटे मांडले आहे. प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत जीएसटीपी१ हे पेशीला अपायकारक रसायनांपासून वाचवणारे जनुक मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटल्यामुळे निद्रिस्त झालेले असते. सोयाबीनमधील जेनिस्टीन हे संयुग अशी काही संरक्षक जनुके पुन्हा जागी करू शकते, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगपेशींवर दिसले आहे. म्हणजे प्रश्न एखादे ‘कर्करोगाचे जनुक’ बंद करण्याचा नाही. शिवाय अशा प्रयोगांत जेनिस्टीनचे प्रमाण बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवातील प्रमाण मोजण्याचे एकक) असते. जेवणात सोया खाल्ल्यावर रक्तात ते फार तर काही मायक्रोमोलरपर्यंत चढते आणि त्यातलाही बराचसा भाग आतडे व यकृत यांनी इतर रेणूंशी जोडून निष्प्रभ केलेला असतो. काचेच्या बशीतला परिणाम शरीरात तसाच मिळेल, असे मानायला त्यामुळे आधार उरत नाही.

जपानमध्ये या रोगाचे प्रमाण पूर्वी कमी होते, हे खरे. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत ते वाढले आणि आज खुद्द जपानमध्येही पुरुषांत सर्वाधिक निदान होणाऱ्या कर्करोगांत त्याची गणना होते. तेलाचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे, कारण ही संयुगे दाण्यातील प्रथिनांसोबत राहतात आणि रिफाइंड तेलात जवळजवळ उतरतच नाहीत.

औषधांची गरज नाही, हे वाक्य मात्र घातक आहे. शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याचा धोका अधिक असलेल्या अमेरिकेतील रुग्णांना दोन वर्षे रोज २० ग्रॅम सोया प्रथिन देऊन पाहिलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सोया गटातील २७.२ टक्के, तर दुसऱ्या गटातील २९.५ टक्के रुग्णांत पीएसए पुन्हा वाढले, म्हणजे रोग परतल्याची खूण दिसली. हा फरक नगण्य होता आणि फायदा दिसण्याची शक्यता नसल्याने चाचणी आधीच थांबवण्यात आली. सोयाच्या वड्यांची भाजी काकांनी आवडीने खावी. रक्ततपासणी मात्र याच आठवड्यात करून घ्यावी, असे मी त्यांना सांगितले आहे.