उठावावरचा माहितीपट पाहून तटस्थ राहण्याची रीत

इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत लष्करी उठावावरचा एखादा माहितीपट पाहण्याचा योग आलाच, तर दिवे मालवण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी: गादीवरून उतरवलेला राज्यकर्ता आपल्या मताचा होता की विरुद्ध मताचा? आपल्या मताचा असेल तर माहितीपट हा पुरावा ठरतो, नसेल तर तोच प्रचारपट. एवढा उलगडा झाल्यावर तो पाहिलाच पाहिजे असे नाही. किंबहुना न पाहिलेला माणूसच अधिक तटस्थ असतो, कारण दृश्यांनी त्याचे मन कलुषित केलेले नसते.

चर्चेत आपला पहिला प्रश्न ‘दुसरी बाजू कुठे आहे?’ हाच असावा. चिलीत २९ जून १९७३ रोजी, फसलेल्या उठावाच्या वेळी, लिओनार्दो हेन्रिक्सेन या कॅमेरामनने आपल्यावर शस्त्र रोखणाऱ्या सैनिकाचे चित्रण थांबवले नाही. गोळी लागली, चौकट डळमळली आणि चित्रण तिथेच संपले. पात्रिसिओ गुझमान यांच्या ‘द बॅटल ऑफ चिली’मध्ये हे दृश्य येते तेव्हा सभागृह सुन्न होते. नेमक्या त्याच क्षणी उठून सैनिकाची बाजू मांडली न गेल्याबद्दल आपण खेद नोंदवावा. ती बाजू थेट भिंगात शिरली होती, असे कोणी खवचटपणे सुनावले तर त्याला कट्टर ठरवून मोकळे व्हावे. पुढे ११ सप्टेंबरला, उठाव यशस्वी झाला तेव्हा, विमानांनी ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, हे नाकारण्याची सोयच नाही. तिथे महागाईचा विषय काढावा. (महागाई खरीच होती, म्हणून तर तो विषय इतका उपयोगी पडतो.)

व्हेनेझुएलातील एप्रिल २००२च्या उठावाबाबत मात्र सांभाळून. त्यावरच्या, दोन आयरिश दिग्दर्शकांच्या गाजलेल्या माहितीपटात राष्ट्राध्यक्ष चावेझ यांचे समर्थक पुलावरून गोळ्या झाडत असताना खालचा रस्ता मोकळा, म्हणजे गोळ्या विरोधकांच्या मोर्चावर नाहीत, असे दिसते. आक्षेपकांनी सावल्यांवरून ते दृश्य वेगळ्या वेळेचे असल्याचे मांडले. सावल्या न्याहाळणे हे कष्टाचे काम, आणि त्यात धोकाही आहे. आक्षेप मान्य केला तरी उठावाने गादीवर बसवलेल्या कार्मोना यांनी सत्ता हाती येताच संसद बरखास्त केली, आणि चावेझसमर्थक रस्त्यावर उतरले तेव्हा खासगी वाहिन्या कार्टून दाखवीत राहिल्या, हे खोटे ठरत नाही. आणि ज्यांच्यासाठी आपण हळहळतो त्या चावेझ यांनीच १९९२मध्ये उठाव करून पाहिला होता, हेही. एवढी सत्ये एकत्र बाळगणाऱ्याला कोणत्याच गोटातले लोक जेवायला बोलावत नाहीत. त्यापेक्षा ‘पैसा कोणी पुरवला?’ एवढे विचारून खाली बसावे.

गोव्यात तटस्थतेला एक सवलत आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करानेच पोर्तुगालचे पंतप्रधान कायतानो यांचे सरकार उलथवले. त्यांची बाजू इथे कोणी विचारू नये, कारण त्याच वर्षी पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि तो उठाव आपल्या घरचा झाला. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या सत्तेची वाट मोकळी करणाऱ्या २८ मे १९२६च्या उठावाबाबत मात्र समतोल राखावा. ‘पोर्तुगीज काळात आम्ही दारे उघडी टाकून निजायचो’ असे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना मंचावर बसवावे. ‘आग्वादच्या तुरुंगात आमची दारे बाहेरून बंद असत’ असे एखादे वृद्ध स्वातंत्र्यसैनिक मध्येच बोलले, तर वेळ संपल्याचे सांगून चहाची घोषणा करावी.