एड्स ही शिक्षा? मग बाळांना कशाची?

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. समलैंगिकता हे श्रीमंत गोऱ्यांचं खूळ आहे, उपचारांनी ती बरी होते, धर्म मानणारा माणूस तसा असूच शकत नाही, एड्स ही देवाने त्याच लोकांना दिलेली शिक्षा आहे, आणि ‘आम्ही जन्मतःच असे’ हे तुणतुणं अमेरिकन गायिका लेडी गागाने 2011 मध्ये ‘बॉर्न धिस वे’ या गाण्यातून सुरू केलं. खाली हात जोडलेले, ‘दहा जणांना पाठवा’. आमच्या मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर कॉलेजात जाणारी भाचरंही आहेत, त्यांच्यापैकी कोण काय मनात दाबून बसलंय देव जाणे. म्हणून हा खटाटोप.

अख्ख्या फॉरवर्डला एक माणूस पुरेसा आहे. कार्ल बीन, अमेरिकेतले समलैंगिक गायक आणि पुढे धर्मोपदेशक. जन्म 1944, बाल्टिमोर. कृष्णवर्णीय, मानलेल्या आईवडिलांकडे वाढलेले, लहानपणापासून चर्चमध्ये गाणारे. ‘श्रीमंत गोरे’ इथेच निकालात निघाले.

उपचारांचं म्हणाल तर तेही झालं. किशोरवयात आपण समलैंगिक असल्याचं घरात उघड झाल्यावर बीन यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. इस्पितळातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की तुला बदलणं मला जमणार नाही, स्वतःला स्वीकारायला मात्र मदत करेन. हे 1950 च्या दशकाच्या शेवटाचं. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली 1973 मध्ये. आपल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलंय. आजारच नाही, तर उपचार कशावर करता?

आता शिक्षेवर येते, कारण डोकं फिरलं ते या मुद्द्याने.

5 जून 1981 ला अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या साप्ताहिकात या रोगाची पहिली नोंद आली. लॉस एंजेलिसचे पाच तरुण, पाचही समलैंगिक. एवढं फॉरवर्डवाल्याचं खरं, नाइलाजाने मान्य. पण पुढचे अंक कोण वाचणार? 1982 च्या जुलैत त्याच साप्ताहिकात हिमोफिलियाचे रुग्ण आले, ज्यांना रक्त गोठावं म्हणून दिलेल्या औषधातूनच लागण झाली होती. आणि 24 ऑक्टोबर 1986 चा अंक तर उघडून बघाच. तोवरच्या 24,576 रुग्णांपैकी 25 टक्के कृष्णवर्णीय, जेव्हा देशाच्या लोकसंख्येत ते होते 12 टक्के. एड्स झालेल्या लहान मुलांमध्ये तर निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. आईच्या पोटात असताना लागण झालेल्या बाळाने कोणतं पाप केलं होतं? की देव शिक्षा देताना कातडीचा रंग बघतो? आपल्याकडे तर ही लागण मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून पसरली, कितीतरी बायकांना ती लग्नाच्या नवऱ्याकडून मिळाली. त्यांना कशाची शिक्षा, तेही लिहायचं होतं फॉरवर्डमध्ये.

विषाणूला माणसाचं चारित्र्य कळत नाही. माहिती, तपासणी आणि औषध कुठल्या वस्तीत आधी पोचतं आणि कुठल्या वस्तीत शेवटी, हे मात्र माणसं ठरवतात. बीन यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. लॉस एंजेलिसमध्ये जी काही मदत होती ती बहुतेक गोऱ्यांच्या भागात. म्हणून 1985 मध्ये त्यांनी ‘मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट’ उभा केला. गोरेतर लोकांनी स्वतः काढून स्वतः चालवलेली अमेरिकेतली ही पहिली एड्स संस्था मानली जाते. रुग्णाच्या खोलीत जेवणाचं ताट न्यायला कर्मचारी कचरत, मेल्यावर अंत्यविधीला नकार मिळे, तो हा काळ.

राहिला धर्म. बीन 1982 मध्ये धर्मोपदेशक झाले आणि त्यांनी ‘युनिटी फेलोशिप चर्च’ स्थापन केलं. ‘देव म्हणजे प्रेम, आणि प्रेम सर्वांसाठी’ हे त्याचं ब्रीद. चर्चवाले विरोधात होते हे खरंच आहे, अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्येही शिक्षेचीच भाषा चालायची. बीन यांनी वैतागून धर्म सोडला असता तर फॉरवर्डवाल्याची सोय झाली असती. त्यांनी सोडला नाही, उलट पुढे त्याच चर्चचे आर्चबिशप झाले.

आणि ते लेडी गागाचं. ‘आय वॉज बॉर्न धिस वे’, म्हणजे ‘मी जन्मतःच असा’, हे गाणं आधी व्हॅलेंटिनो नावाच्या गायकाने 1975 मध्ये गायलं. 1977 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ते बीन यांच्याकडून गाऊन घेतलं आणि ते डिस्कोंमध्ये गाजलं. तेव्हा गागाचा जन्मही झाला नव्हता. आपलं गाणं आपल्याला बीन यांच्यावरून सुचलं, हे तिने स्वतः 2021 मध्ये जाहीरपणे लिहिलंय. बीन त्याच वर्षी सप्टेंबरात गेले, 77 व्या वर्षी.

मावशीला हे सगळं वेगळं पाठवलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.