डोळ्यांत पाणी आणि एफ-३

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. नऊ वर्षांत मी नवीन असं एकही वाक्य लिहिलेलं नाही. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ इथून सुरुवात आणि ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही’ इथे शेवट. हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या सोसायटीचं पसायदान. पहिल्या सभेला कुणी येतच नाही, सगळे थेट अर्ध्या तासाने येतात.

पूर्वी नोकरीत असताना अशा कामाला रबरी शिक्के असत. शाईच्या पॅडवर दाबायचा, कागदावर आपटायचा, झालं. इथे मात्र लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘गणपूर्तीअभावी’ हा शब्द दर वेळी अक्षर अक्षर शोधत टाइप करायचा. रफार कुठला, या विचारात चहा गार होतो.

एकदा पुतणी आली होती. तिने दोन मिनिटं माझं टायपिंग पाहिलं आणि तिला बघवेना. म्हणाली, “काका, हे वाक्य सिलेक्ट करा, ऑल्ट धरून एफ-३ दाबा आणि त्याला छोटं नाव द्या. पुढच्या वेळी नुसतं नाव लिहून एफ-३ दाबलं की अख्खं वाक्य हजर.” दुसरी सोय ऑटोकरेक्टची. तिथे एक खूण लिहून ठेवायची. ती टाइप करून स्पेस दिली की वर्ड आपणहून तिच्या जागी पूर्ण मजकूर घालतं. तो मजकूर साधा असेल तर २५५ अक्षरांत बसायला हवा. आमच्या बहुतेक नोटिशी त्यात सहज बसतात, त्यांत म्हणण्यासारखं तेवढंच असतं.

पुतणी गेली आणि मी एफ-३च्या तावडीत सापडलो.

पहिली गोष्ट म्हणजे माझ्या लॅपटॉपवर नुसतं एफ-३ दाबलं की आवाज वाढतो. रात्री साडेअकराला मी ‘सभा’ लिहून चार वेळा एफ-३ दाबलं. वाक्य आलं नाही, पण मागे चालू असलेलं कीर्तन शेजारच्या विंगमध्ये पोचलं. मग कोपऱ्यातलं ‘एफएन’ बटण सोबत धरायचं असतं हे कळलं. म्हणजे ऑल्ट, एफएन आणि एफ-३ ही तीन बटणं एकदम धरायची. पेटी शिकलो असतो तर बोटांना वळण तरी असतं.

त्यात एफ-३च्या शेजारी एफ-४ बसलंय. ऑल्टबरोबर एफ-४ दाबलं की वर्ड बंदच व्हायला निघतं आणि ‘सेव्ह करू का?’ असं विचारतं. घाबरलेला माणूस अशा वेळी ‘नको’ म्हणतो. मीही म्हणालो, तीन वेळा.

ऑल्टऐवजी कंट्रोल धरलं तर निवडलेला मजकूर गडपच होतो. वार्षिक अहवालाचा परिच्छेद असा नाहीसा झाल्यावर मी पुतणीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, “काका, तो स्पाइकवर गेला.” वाण्याच्या दुकानात गल्ल्याजवळ उभी अणकुचीदार तार असते आणि तीत एकावर एक बिलं खुपसलेली असतात, तशीच एक तार वर्डच्या पोटातही आहे म्हणे. कंट्रोल आणि एफ-३ने मजकूर तिच्यात खुपसला जातो आणि कंट्रोल, शिफ्ट, एफ-३ने सगळी बिलं एकदम बाहेर पडतात. माझी पडली. अहवालात मधेच लिफ्टदुरुस्तीची नोटीस, पार्किंगची तंबी आणि हिच्यासाठी टाइप करून घेतलेली नारळाच्या वड्यांची कृती आली.

या खानदानात निरुपद्रवी एकच, शिफ्ट आणि एफ-३. ते इंग्रजी अक्षरं लहानमोठी करतं. मराठीत कॅपिटल नाहीतच, त्यामुळे बिचारं येतं आणि हात हलवत परत जातं.

शेवटी मी एफ-३चा नाद सोडला आणि सगळी भिस्त ऑटोकरेक्टवर ठेवली. पुतणीने बजावलं होतं, “एरवी लिहिण्यात येणार नाही अशीच खूण ठेवा. शब्दामागे एखादा क्ष लावा.” पण क्ष लावलेलं लक्षात कोण ठेवणार? मी सरळ, सुटसुटीत खुणा ठेवल्या. ‘लिफ्ट’ लिहिलं की लिफ्टची नोटीस. ‘पाणी’ लिहिलं की ‘येत्या बुधवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत टाकी साफ करण्याकरिता पाणीपुरवठा बंद राहील, तरी सभासदांनी पाणी भरून ठेवावे.’ टाकीवाला बुधवारीच येतो, म्हणून वारही कायमचा घालून टाकला. पहिल्यांदा ते वाक्य सर्रकन उमटलं तेव्हा मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “बरं,” आणि आत गेली.

पुढच्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा मुलाकडे कायमचे राहायला निघाले. तीस वर्षांचा शेजार. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मनापासून लिहिलं. टाइप करताना माझी नजर स्क्रीनवर नसते, कळफलकावर असते. त्या दिवशी तर ती नीटशी कळफलकावरही नव्हती. प्रिंट काढली, लॅमिनेट करून आणली आणि अध्यक्षांच्या हाती दिली.

अध्यक्ष खड्या आवाजात वाचत होते. “आप्पा, आज आपल्याला निरोप देताना आमच्या डोळ्यांत येत्या बुधवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत टाकी साफ करण्याकरिता पाणीपुरवठा बंद राहील, तरी सभासदांनी पाणी भरून ठेवावे येत आहे.”

समोर दिलेला कागद वाचताना अध्यक्ष कधीही मधे थांबत नाहीत. ते पुढच्या परिच्छेदावर गेले. हसलं कुणीच नाही. मागून फक्त तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “म्हणजे दोन्ही टाक्या का?”

बुधवारी टाकीवाला येणार नव्हताच. पण सकाळी नऊला जिन्यात गेलो तर घराघरांतून नळाखाली बादल्या लावल्याचा आवाज येत होता. आप्पांची गाडी दहाची होती, तरी त्यांनीही दोन पिंपं भरून ठेवली होती.